मेलेल्याचा रोल

“डेड बॉडी कुठं गेली? ए, डेड बॉडीला आणा रे कुणीतरी!”

डेड बॉडी म्हणजे मी. खाडीकाठच्या बाभळीखाली उकिडवा बसून बिडी ओढत होतो. इंग्रजी येत नव्हतं, पण हे दोन शब्द सकाळपासून ऐकून कळले होते. बिडी टाकली आणि उठून गेलो. हाक मारली की जायचं, एवढंच तेव्हा ठाऊक.

हाक मारणारा आमच्या शेठचा भाचा. वयानं माझ्याहून लहान. त्यानं माझी हनुवटी दोन बोटांत धरली. बाजारात बैलाचं तोंड बघतात तशी इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

“परफेक्ट,” तो बाकीच्या पोरांना बोलला. “गाल बघा. डोळे बघा. मेकअपचा खर्च वाचला. हा जिवंतपणीच मेलेला दिसतो.”

पोरं हसली. मीपण हसलो. साहेब लोक हसले की आपणही हसायचं, अशी सवय होती. बाजूला माझी बायको उभी होती. ती हसली नाही. तिनं पदर दातात धरला आणि जमिनीकडं बघत राहिली.

ही आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. भिवंडीत शेठच्या कारखान्यात मी लूम चालवायचो, ती कांड्या भरायची. आमचं गाव आत, वाड्याकडं. जमीन नावाला. लग्न झालं आणि दोघं इकडं आलो. एका खोलीत राहायचो, एका शिफ्टला जायचो. कारखान्याच्या आवाजात बोलता यायचं नाही, म्हणून ती लांबून नुसती बघायची. मी बघितलं की मान खाली घालायची. आमचं बोलणं तेवढंच, पण सुखाचं होतं.

सिनेमाची शाळा असते हे मला शेठच्या भाच्यामुळं कळलं. कॉलेज होऊन, डिग्री घेऊन पोरं परत शाळेत जातात. सिनेमा कसा काढायचा ते शिकतात. मी चौथीतून शाळा सोडली. मला वाटायचं, एवढं शिकल्यावर माणूस शाळेत परत कशाला जाईल? तर शेवटच्या परीक्षेला पेपर नसतो, सिनेमा काढून दाखवायचा असतो. भाच्यानं विषय घेतला भिवंडीचा लूमकामगार. मामाचा कारखाना होताच.

शेठनं आम्हाला बोलावून सांगितलं, “भाच्याला लागेल ते करायचं. ड्युटी समजा. हजेरी लागेल.”

मला त्यांनी चंदेरी कागद चिकटवलेला मोठा फळा धरायला दिला. उन्हाकडं तिरपा धरायचा, म्हणजे उजेड माणसाच्या तोंडावर पडतो. हात भरून यायचे. पण खरं सांगतो, मला आवडलं. पोरं मला शेजारी बसवून घ्यायची. त्यांचे सर आले की सगळी गोल करून बसायची आणि सर शिकवायचे. मी फळा टेकवून मागं बसायचो. कोणी ऊठ बोललं नाही. मला वाटायला लागलं, मीपण शाळेत आहे. चौथीनंतर एकदम ही शाळा.

सर शांत माणूस. दाढी, खांद्याला झोळी. मराठी एकदम शुद्ध. एक दिवस ते बोलले, “माणसाला आधी सांगितलंत तर तो नट होतो. सांगू नका. मग तो माणूस राहतो. खरी भीती, खरं रडणं पकडायचं असेल तर त्याला काही माहीत नसलं पाहिजे.”

पोरांनी लिहून घेतलं. मीही मान हलवली. बरोबरच वाटलं मला.

एकदा मला कॅमेऱ्याच्या भोकातून बघू दिलं. समोर बायको टोपली घेऊन चालली होती. ती भोकात एवढी एवढीशी दिसली. आपली नाही, कोणाची तरी असल्यासारखी. मला कसंतरी झालं. डोळा काढून मी खरीकडं बघून घेतलं. ती होती.

मग मेलेल्याचा रोल आला.

सिनेमात कामगार शेवटी मरतो. पोरांना त्याची अंत्ययात्रा पाहिजे होती. भाचा बोलला, कामगार तू आणि कामगाराची बायको हीच. खरं जोडपं आहे, जमेल. हिनं फक्त बाजूला उभं राहून रडायचं.

ती त्याच्यासमोर काही बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. “अवो, मी न्हाय रडनार. नवरा जित्ता आसताना त्याच्या तिरडीवर कोन रडतं?”

“अगं खोटं असतंय ते.”

“तिरडी खोटी आसंल. मी खरी हाय ना?”

आमच्या बाजूच्या लूमवर एक चाचा होता. उत्तर प्रदेशचा, पिढीजात विणकर. तो कारखान्याबाहेर मला बाजूला घेऊन बोलला, “भाई, मत लेट. जनाज़ा मज़ाक की चीज़ नहीं है. मेरे को बोलता तो मैं भाग जाता गाँव.” मला हसायला आलं नाही. मी शेठकडं गेलो. शेठ, हे एवढं काम नको. बायको घाबरते.

शेठ पान खात होता. बोलला, “बायको घाबरते का तू घाबरतोस?”

“दोघं.”

“मग दोघं घरी बसा. कायमचं.”

म्हणून मी बाभळीखाली बसलो होतो, आणि म्हणून हाक मारल्यावर उठून गेलो.

तिरडी खरी होती. बांबू खरे, पेंढा खरा, वर पांढरं कापड. माझे कपडे काढले, अंगावर कापड टाकलं. कपाळाला गुलाल आणि अबीर. नाकात कापूस घातला. हनुवटीखालून पट्टी बांधली, तोंड उघडू नये म्हणून. मी झोपलो. मग त्यांनी काथ्यानं मला बांधलं. छातीवर, पोटावर, गुडघ्यावर. भाचा बोलला, खांदेकऱ्यांना सवय नाही, पडेल. म्हणून आवळा.

काथ्या आवळला आणि मला घाम सुटला. नाकात कापूस, तोंडाला पट्टी. श्वास घ्यायचा तर दातांच्या फटीतून. भाचा वाकून बोलला, “छाती हलता कामा नये. टेक संपेपर्यंत श्वास रोखायचा.”

डोळे मिटून ठेवायला सांगितले होते. मी थोडेसे उघडे ठेवले. एकदम मिटायची हिंमत झाली नाही. मिटले तर परत उघडणार नाहीत असं वाटलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आभाळ दिसत होतं. बाभळीची फांदी. डाव्या बाजूला बायकोचा पदर. तिच्या बाजूला एक म्हातारी उभी होती. ती जवळच्या पूर्णा गावातून आणलेली, सकाळपासून एका बाजूला बसून होती. मला वाटलं, गर्दीसाठी आणली असेल. समोर दगड ठेवला होता. त्याचंही मला काही वाटलं नाही. खाडीकाठी दगड असतातच.

पाटी हातात धरणारी एक मुलगी होती. केस कापलेले, पँट घातलेली. तिनं पाटी ठोकली. टक्. कोणीतरी इंग्रजीत ओरडलं. कॅमेरा घरघरायला लागला.

मी श्वास रोखला.

म्हातारी पुढं झाली. तिनं माझ्या बायकोचा उजवा हात मनगटात धरला आणि खाली खेचला. बायको गुडघ्यावर पडली. म्हातारीनं तिचा हात दगडावर धरला आणि दुसऱ्या हातातला दगड बांगड्यांवर मारला. काच फुटल्याचा आवाज आला. मग तिनं तळवा उघडून बायकोच्या कपाळाकडं नेला, कुकू पुसायला.

माझी बायको ओरडली. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. बाळंतपणात नाही, आमचं पोर गेलं तेव्हा नाही. ती हात ओढत होती. म्हातारी सोडत नव्हती. ती म्हातारीला सांगत होती, “जित्तं हाय गं! माझं मानूस जित्तं हाय!” आणि माझ्याकडं बघत होती. माझे डोळे मिटल्यासारखे, नाकात कापूस, छाती हलत नाही. मी तिला खरंच मेल्यासारखा दिसलो असेन. एक क्षण तिला वाटलं असेल की मी गेलोच. काथ्या आवळून मारला ह्यांनी.

आणि भाच्याचा आवाज, हळू, आनंदी. “चालू ठेव. चालू ठेव. थांबवू नको.”

तेव्हा मला कळलं. सांगू नका, मग माणूस माणूस राहतो. सरांचा तो धडा माझ्या बायकोवर चालला होता. मी मागं बसून मान हलवली होती.

मी हललो. काथ्या छातीत घुसला. मी ओरडायला गेलो तर पट्टीमुळं नुसता घों घों आवाज आला. खांदेकरी म्हणून आणलेली पोरं घाबरून मागं सरकली. मी सगळं अंग एका बाजूला टाकलं. तिरडी उलटली. मी तिरडीसकट मातीत तोंडावर पडलो.

कोणी सोडवायला आलं नाही. तीच आली. फुटक्या काचेनं कापलेल्या हातानं तिनं गाठी सोडल्या. दातानं पण सोडल्या. मला उताणा केला, तोंडाची पट्टी खाली ओढली, नाकातला एका बाजूचा कापूस काढला आणि नाकाजवळ आपला गाल धरला. श्वास लागतो का बघायला.

“कट! कट!” भाचा धावत आला. “कुणी उठायला सांगितलं याला? मढं कधी उठतं का? सगळी निगेटिव्ह वाया घातली भडव्यानं!”

सर सावकाश चालत आले. त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. “घाबरू नका. बसा दोघं. बाई, हा सिनेमा आहे. खरं काहीच झालेलं नाही.”

बायको बोलली, “माझी बांगडी खरी व्हती.”

सर भाच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलले. भाच्यानं घड्याळात बघितलं, आभाळात बघितलं.

“हे बघ,” तो मला बोलला. “हिची एक बांगडी फुटलीच आहे. हिला डझनभर आणून देतो नव्या. आता उरलेल्या फोडायला काय जातंय? ऊन जायच्या आत घेऊन टाकू. झोप.”

माझे पाय लटपटत होते. अंगावर नुसतं कापड. सगळे बघत होते. मला वाटलं लघवी होईल इथंच. इतका मी घाबरलो होतो. डोळ्यांपुढं शेठ दिसत होता, कारखान्याचं दार दिसत होतं, खोली दिसत होती. आणि तिचा हात माझ्या दंडावर होता.

मी बोललो, “न्हाय.”

“काय?”

“न्हाय झोपनार.”

“मामाला सांगू?”

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. मी बोललो, “सायेब, तुमचे वडील हायेत ना? त्यांना आना. इथं झोपवा, बांधा. आईला हितं हुबी करा. म्हातारी हायेच. मी फळा धरतो. तुमच्या आईच्या तोंडावर ऊन कमी न्हाय पडू देनार.”

त्यानं माझ्या थोबाडात मारली. दुसऱ्या नाकपुडीतला कापूस उडून पडला. कोणीतरी फिसकन हसलं.

मी परत मारलं नाही. भीतीच होती. पण झोपलो पण नाही. तसाच उभा राहिलो. तो मला ढकलत होता तिरडीकडं आणि मी उभा. सर दुसरीकडं बघत होते. पाटीवाल्या मुलीनं पुढचा आकडा खडूनं लिहून ठेवला होता, तो तिनं हातानं पुसला.

आम्ही निघालो. तोंड धुवायचं सुचलं नाही. कपाळावर गुलाल, अबीर, हनुवटीखाली लोंबणारी पट्टी, अंगाला गुंडाळलेलं कापड. भर दिवसा भिवंडीच्या रस्त्यातनं मढं आपल्या बायकोबरोबर चालत निघालं होतं. नाक्यावर माणसं बाजूला झाली. एका बाईनं पोराचे डोळे झाकले. चहावाल्यानं किटली खाली ठेवून हात जोडले. मला कोणाला सांगता येईना की मी जिवंत आहे.

चाळीत वेगळंच. शेजारची आजी दारात आडवी आली. “तिरडीवं चढलेला मानूस घरात घेत न्हाईत. आमच्यात न्हाय चालत. तू आज भायेर ऱ्हा. उद्या बघू.”

बायको बोलली, “मंग मी बी भायेर ऱ्हाते.”

ओट्याच्या कडेला बसून तिनं माझ्या कपाळावरचा गुलाल पुसला. पदरानं, थुंकी लावून, पोराचं पुसतात तसा. हात धुतला आणि बोलली, “एक वाढली.” फुटली बोलली नाही. बांगडीला फुटली बोलायचं नसतं. एवढं झाल्यावर पण ती ते पाळत होती. बाकीच्या बांगड्या तिनं दुसऱ्या हातानं झाकून धरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेलो. शेठ दारातच उभा होता. बोलला, “मेलेल्या माणसाला हजेरी नसते.” आत लूमवर चाचानं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. त्याला तरी काय करता येणार होतं? त्याच्या मागं पण खाणारी पोटं होती.

तिरडीवरून उठलेला म्हणून दुसरे शेठ पण घेईनात. कोण अपशकुन म्हणून, कोण आमच्या शेठला घाबरून. आम्ही दापोड्याला शेतात भारे वाहिले, खाडीवर रेती काढली. पुढं चाचानंच ओळखीनं एका छोट्या कारखान्यात लावलं, तेव्हा परत लूम धरला.

त्याच्याकडूनच कळलं, सिनेमा पुरा झाला. दुसरा कामगार झोपवला, त्याच्या बायकोला उभी केली. ती ओरडली, पण तो उठला नाही. एका टेकमध्ये झालं. भाचा पास झाला, चांगला पास झाला. चाचा बोलला, “वो औरत अब काम पे नहीं आती.” कुठं गेली ती, मला कळलं नाही. मी विचारायला पाहिजे होतं. घाबरत होतो, विचारलं नाही.

माझ्या बायकोची भीती कधी गेली नाही. मला नुसता ताप आला तरी ती उशाशी बसून राहायची. झोपेत हात लावून बघायची छाती हलते का. म्हातारपणी मी चिडायचो. “मेलो न्हाय गं, झोपू दे.” तरी ती बघायची. आणि रोज दिवा लावताना तिचं एकच मागणं. मला ह्यांच्या आधी ने.

मागल्या वर्षी नेली. दहा-पंधरा दिवसांचा आजार. डॉक्टर बोलला, उशिरा आणली. सगळं संपल्यावर बायका जमल्या. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर बांगड्या, मळवट भरला. मला धीर द्यायला बोलत होत्या, नशीबवान हो. सवाष्ण गेली. भरल्या कपाळानं गेली.

नशीबवान? एक बाई चाळीस-पंचेचाळीस वर्षं देवाकडं स्वतःचं मरण मागते. का? तर मागं राहिली तर लोक हात धरून दगडावर आपटतील म्हणून. त्या दिवशी खाडीवर एकदा बघितलं होतं तिनं, मागं राहिलं की काय होतं ते. त्या भीतीत ती जगली आणि त्या भीतीत गेली. तिला औषधाचं बोललो की ती बोलायची, नको, आता बरं चाललंय माझं, जाऊ दे मला पुढं. ती किती दिवसांपासून आजारी होती ते तिनं लपवलं होतं. मला आता कळतंय.

माणूस मेला की त्याच्या बायकोचं काय करतात ते मेलेल्याला दिसत नाही. तो सुटला. मी तेवढा एक असा, की तिरडीवर बांधून घेऊन, डोळे किलकिले करून ते बघितलं. बाकी त्या शाळेत मी काही शिकलो नाही. एवढं शिकलो. आणि ते कळायला मला ती जावी लागली. तोपर्यंत मी भाच्याला शिव्या देत होतो. त्यानं ते शोधून काढलं नव्हतं. ते आमच्याच घरांतून उचललं होतं. म्हातारीला शिकवावं लागलंच नाही काही. तिचा हात बरोबर पडला, कारण कधीतरी तिचा स्वतःचा हात कोणी तसाच धरला होता.

तिला जाऊन काही महिने झाले आणि माझा धाकटा भाऊ गेला, गावी. मी गेलो. बापे अंगणात, बाया आत. तशीच रीत. भावजय कोपऱ्यात बसलेली. आतून कोणीतरी बोललं, पाटा आणा. मी अंगणात बसलो होतो आणि माझे पाय परत लटपटायला लागले. काचेचा आवाज झाला नव्हता अजून, तरी मला ऐकू आला.

मी उठलो आणि आत गेलो. बाया ओरडल्या, “अवो भावजी, तुमी कुटं हितं?” मी भावजयीच्या बाजूला जाऊन बसलो. दीर कधी बसत नाही असा. तिचे दोन्ही हात माझ्या दोन हातांत घेतले. गार होते. बोललो, “हिच्या बांगड्यांला हात लावायचा तर आधी माझा हात ठेचा. कुकू बी ऱ्हानार.”

माझी चुलती बोलली, “येडा झालाय बायकोच्या मागं.”

“व्हय, झालोय. पाटा घिऊन जा.”

भाऊकी आता माझ्याशी बोलत नाही. भावजयीला पण टोमणे मारतात. ती कधी बोलते, भावजी, नस्तं केलंत तर बरं झालं असतं. कधी हात पुढं करून बांगड्यांकडं बघत बसते. तिचं तिला काय वाटेल ते वाटो. तिला उद्या काढायच्या असतील तर तिनं काढाव्यात. स्वतःच्या हातानं. दुसऱ्याच्या दगडानं नाही.

मी म्हातारा आहे. एकटा आहे. भीती मला आजही वाटते, आणि ती जाणार नाही हे मला कळून चुकलंय. पण इथून पुढं आमच्या चाळीत, गावात, ओळखीच्या घरात माणूस गेल्याचं कळलं की मी जाणार. बोलावलं तरी जाणार, हाकललं तरी जाणार. अंगणात बाप्यांत बसणार नाही. आत जाणार, लटपटत जाणार. जी कोपऱ्यात बसवलेली असेल तिच्या बाजूला बसणार. आणि दगड उचलणारा हात सासूचा असो, नणंदेचा असो, माझ्या आईच्या वयाच्या म्हातारीचा असो, तो मी मधल्यामधे धरणार.

धरून ठेवणार. सोडणार नाही.